गुडघे बोलायला लागले तरी झाडांच्या शेंड्यापर्यंत: आई-वडिलांना ब्लॅक फॉरेस्टच्या ट्रीटॉप वॉकला नेणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल या पट्ट्यातली बरीच पोरं आता जर्मनीत, स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहच्या आसपास नोकरीला आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांच्या सावलीत वाढलेल्या पोरांनी पुढं शिकून गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कंपन्यांची वाट धरली, तर त्यात नवल नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेमबेर्ग या स्टुटगार्टच्याच राज्याशी 2015 मध्ये तसाच करार झालाय. तेव्हा हा रस्ता तसा रुळलेला आहे.

पोरं तिकडं, म्हणून उन्हाळ्यात आई-वडीलही तिकडं. पहिला आठवडा घर बघण्यात जातो आणि मग प्रश्न पडतो, यांना न्यायचं कुठं? किल्ला म्हटलं की पायऱ्या. जुनं शहर म्हटलं की दगडी फरसबंदी, चाक अडकतं. डोंगर म्हटलं की आईच आधी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी बसते घरी." हा लेख त्या वाक्यासाठी लिहिलाय. स्टुटगार्टहून दिवसभरात जाऊन येण्यासारखी एक जागा आहे, जिथं व्हीलचेअरवरचा माणूस डोंगरावरच्या जंगलात, झाडांच्या शेंड्यांमधून, 40 मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत जातो. एकही पायरी न चढता. आम्ही माझ्या सासूबाईंना नेलं होतं. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर अशी त्यांची अवस्था आहे. त्या अनुभवावरून आणि नंतर ओळखीतल्या लोकांना सांगता सांगता जे जमत गेलं, ते इथं मांडते.

जागा नेमकी काय आहे

बाड विल्डबाड हे ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलपट्ट्याच्या उत्तर भागातलं, एन्झ नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं छोटं गाव. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जुनं प्रसिद्ध. गावाच्या डोक्यावर सोमरबेर्ग नावाचा डोंगर आहे. त्या डोंगरावर 2014 मध्ये 'बाउमविप्फेलफाड श्वार्त्सवाल्ड', म्हणजे ब्लॅक फॉरेस्टचा ट्रीटॉप वॉक, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी फळ्यांची वाट, सुरू झाला. एकूण वाट 1250 मीटर. सुरुवातीला जमिनीलगत असते, मग हळूहळू झाडांच्या खोडांमधून वर येत 20 मीटर उंचीपर्यंत जाते आणि शेवटी मनोऱ्याला मिळते. मनोऱ्यात जिना चढायचा नाही. तीच वाट मनोऱ्यात गोल गोल फिरत वर जाते.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा उंचीचा नाही, चढाचा आहे. या वाटेचा चढ कुठंही 6 टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे 100 मीटर चाललात तर जास्तीत जास्त 6 मीटर वर. आपल्याकडं सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पसाठी 1:12 हे प्रमाण सांगतात, ते साधारण सव्वाआठ टक्के होतं. म्हणजे नियमानं बांधलेल्या रॅम्पपेक्षाही ही वाट सौम्य आहे. नियम न पाळता बांधलेले रॅम्प तर तुम्ही रोज बघताच, त्यांच्याशी तुलनाच नको.

उंचीचं म्हणाल तर दम लागेल ही भीती काढून टाका. गाव आणि डोंगरमाथा यांत सुमारे 300 मीटरचा फरक आहे आणि माथा समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरच्या घरात. कोल्हापूर स्वतःच साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. पन्हाळ्यावर तबक उद्यानात बसून ज्यांना त्रास होत नाही, त्यांना इथल्या हवेचा त्रास होण्याचं कारण नाही.

इथूनच सुरू होणारी तयारी

पहिलं काम व्हिसाचं, ते पोरं सांगतातच, म्हणून थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं, त्यामुळं मुंबई-पुण्याची एक खेप धरून चाला. त्या खेपेतच आई-वडिलांना प्रवास किती झेपतो याचा अंदाज येतो, तो नीट बघा. संध्याकाळी पाय सुजतात का, किती तासांनी टॉयलेट लागतं, खुर्चीत सलग किती वेळ बसवतं. ट्रीटॉप वॉकचा सगळा दिवस याच तीन गोष्टींवर आखायचा आहे.

दुसरं, विमान. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत नोंदवा, निदान उड्डाणाच्या 48 तास आधी. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत मोफत मिळते, तो तिथला कायदा आहे. स्वतःची खुर्ची नेत असाल तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि तिथं सोपवताना बसायची गादी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढून स्वतःजवळ घ्या. सामानात आधी त्याच हरवतात. बॅटरीवरची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार विमान कंपनीला आधीच कळवावा लागतो.

तिसरं काम खुर्चीचं, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्याकडं मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या खुर्च्यांना ब्रेक असतो तो मोठ्या चाकाशेजारी, खटका दाबून चाक अडवणारा. तो थांबून राहण्यासाठी आहे. उतारावर चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला त्याचा काही उपयोग नाही, उलट एकदम दाबला तर बसलेला माणूस पुढं झुकतो. ट्रीटॉप वॉकला लागते ती ढकलणाऱ्याच्या मुठीशी, सायकलसारखे ब्रेक असलेली खुर्ची. अशी नवी घ्यायची नसेल तर जर्मनीत भाड्यानं मिळते. तिथं 'सानिटेट्सहाउस' नावाची दुकानं गावोगाव असतात, कंबरपट्ट्यापासून खुर्चीपर्यंत सगळं ठेवतात आणि व्हीलचेअर भाड्यानं देतात. मुलाला आठवडाभर आधी फोन करून ठेवायला सांगा, आणि फोनवर दोनच गोष्टी विचारायला सांगा: मुठीशी ब्रेक आहे का, आणि कमरेला पट्टा आहे का.

ढकलणाऱ्यावर भार किती येतो ते साधं गणित आहे. माणूस 70 किलोचा आणि खुर्ची 18 किलोची धरली तर एकूण 88 किलो. सहा टक्के चढावर त्याचा सहा टक्के भाग, म्हणजे सव्वापाच किलोचा ओढा, सतत मागं खेचत राहतो. चाकाचं घर्षण वेगळं. पाच किलो ऐकायला काही वाटत नाही, पण तो सलग पेलायचा असतो, आणि उतरताना तोच ओढा पुढं खेचतो. साठीच्या पुढच्या वडिलांनी एकट्यानं आईची खुर्ची ढकलायची असं ठरवू नका. दोन धडधाकट माणसं आळीपाळीनं हवीत.

याची तालीम कोल्हापुरातच करता येते. मोबाइलमध्ये लेव्हल मोजायचं अॅप असतं. ते उघडून फोन रस्त्यावर ठेवा, कोन दाखवतो. 6 टक्के म्हणजे जवळपास साडेतीन अंश. विद्यापीठाच्या आवारातल्या चढाच्या रस्त्यांवर सकाळी गर्दी नसते, तिथं साडेतीन अंशाचा तुकडा शोधा आणि आईला खुर्चीत बसवून वर न्या, खाली आणा. तालमीचा खरा उपयोग आईला होतो. उतारावर मागच्या माणसाच्या हातात आपण सुरक्षित आहोत, हा विश्वास घरच्या रस्त्यावर बसतो. परक्या देशात, 40 मीटर उंचीवर, तो पहिल्यांदाच बसवायला गेलात तर बसत नाही.

जे काठी घेऊन चालतात त्यांच्यासाठी: काठीच्या टोकाचं रबर बदलून घ्या. लाकडी फळ्यांवर झिजलेलं रबर घसरतं. आणि कोल्हापुरी चपला, कितीही प्रेमाच्या असल्या तरी, त्या दिवशी नकोत. दव पडलेल्या लाकडावर चामड्याचा तळवा धरत नाही. मागून बंद असलेले, रबरी तळव्याचे बूट घालायची सवय महिनाभर आधी लावा. साडीवर बूट बरे दिसत नाहीत असं म्हणणाऱ्या बायकांना माझं सांगणं, तिकडं कुणी बघत नाही.

खाण्याचं एकच सांगते. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप, चीज सगळं त्यात आलं. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, कोरडी दशमी चालते. सहलीच्या दिवशी भडंगाचा डबा आणि थालीपीठ असलं की जेवणाची चिंता मिटते. तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाला बटाट्याचे काप आणि केक मिळतोच, पण आई-वडिलांचं पोट त्यावर दिवसभर निघत नाही.

दिवस आणि वेळ कशी निवडायची

शनिवार-रविवार टाळा. बाडेन-व्युर्टेमबेर्गमधल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असते, त्या काळात गर्दी जास्त. मे-जूनमधला साधा मंगळवार-बुधवार सगळ्यात चांगला. गर्दी नको म्हणण्याचं कारण वाटेची रुंदी नाही. मागून मुलं पळत आली की खुर्चीतला माणूस "बाजूला घ्या, त्यांना जाऊ द्या" म्हणत राहतो आणि सगळा वेळ आपण कुणाच्या तरी आड येतोय या भावनेत जातो. आपल्या लोकांना ही सवय फार आहे. गर्दी नसेल तर ती जाते.

आदल्या रात्री हवामान आणि जागेचं संकेतस्थळ, दोन्ही बघा. वादळ, विजा किंवा बर्फाचा थर असेल तर वाट बंद ठेवतात, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेपेक्षा बराच आधी असतो. डोंगर धुक्यात असेल तर मनोऱ्यावरून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. अशा दिवशी पुढं ढकला, लाजू नका. मात्र नुसते ढग असतील तर जा. कडक उन्हापेक्षा ढगाळ दिवस म्हाताऱ्या डोळ्यांना आणि फोटोंनाही बरा.

कपड्यांचं गणित: गावात जेवढं तापमान, त्याहून डोंगरावर साधारण दोन अंश कमी, आणि मनोऱ्यावर वारा. चालणारा माणूस चालून गरम राहतो, खुर्चीत बसलेला गार पडतो. हा फरक घरचे विसरतात. तुम्हाला शर्टात उकडत असेल तेव्हाही आईच्या मांडीवर शाल आणि कानाला स्कार्फ असू द्या.

पोचायचं कसं

गाडीनं जाणं सोपं. गाडी खाली गावात लावता येते. पण रेल्वेही चांगली आहे: फोर्त्सहाइमहून एन्झ खोऱ्यातून एस 6 ही लोकल थेट बाड विल्डबाडला येते. फोर्त्सहाइमपर्यंत स्टुटगार्टहून किंवा कार्ल्सरूहहून यायचं. लांबच्या गाडीत चढण्या-उतरण्यासाठी मदत हवी असेल तर जर्मन रेल्वेच्या मदत केंद्राकडं आधी नोंद करावी लागते, ऐन वेळी फलाटावर कुणी मिळेल या भरवशावर राहू नका. निघण्याआधी स्टेशनवरच्या लिफ्ट चालू आहेत का हेही रेल्वेच्या संकेतस्थळावर कळतं.

गावाच्या मध्यातूनच सोमरबेर्गवर चढणारी फनिक्युलर निघते. वणीला सप्तशृंगी गडावर ट्रॉली आहे, तोच प्रकार: रुळांवरून दोरानं ओढली जाणारी गाडी. ही मुळात 1908 सालची आहे आणि 2011 च्या सुमारास नव्यानं बांधली. खुर्ची आत घेता येते. तिचं तिकीट वेगळं असतं. बसताना दरीच्या बाजूचं तोंड धरा, गाव पायाखाली लहान होत जाताना दिसतं. उंचीची भीती असलेल्या माणसाची पहिली परीक्षा इथंच होते. गाडीत जर घाम फुटला, हात कठड्यावर आवळले गेले, तर वर गेल्यावर लगेच वाटेला लागू नका. बाकावर पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, मग ठरवा.

वरच्या स्टेशनापासून वाटेचं प्रवेशद्वार थोड्याच अंतरावर आहे. तिकीट घेताना अपंगत्वाचं कार्ड दाखवून सवलत विचारा. आपलं यूडीआयडी कार्ड असेल तर सोबत ठेवा. त्यावर मजकूर इंग्रजीतही असतो. एक जर्मन शब्द पाठ करा: 'बारियेरेफ्राय'. अडथळ्याविना जाता येण्याजोगी वाट, टॉयलेट, दार, कशाबद्दलही विचारायचं तर तो एक शब्द पुरतो.

आणि वाटेला लागण्याआधी टॉयलेट उरकून घ्या, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यांनीही. एकदा मनोऱ्याच्या अर्ध्यात पोचलात की परत येणं म्हणजे सगळी वाट उलटी करणं. जर्मनीतली बरीचशी सार्वजनिक अपंग-टॉयलेटं कुलूपबंद असतात आणि त्यांना एक खास किल्ली लागते, जी अपंगत्वाचा दाखला असलेल्यांनाच मिळते. त्यामुळं रस्त्यात कुठंतरी थांबू असा हिशेब ठेवू नका. जिथं उघडं आणि स्वच्छ दिसेल तिथं जाऊन घ्या.

वाटेवर

पहिल्या शंभर पावलांत घाई करू नका. फळ्यांची वाट पुढं सरकते आणि जमीन हळूहळू खाली जाते. आधी झुडपं, मग खोडं, मग फांद्या. कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही की आपण उंचीवर आलोय. वाट किंचित हलते. अशा बांधकामांनी थोडं हलणं हेच बरोबर असतं, पण हे आईला आधी सांगून ठेवा, नंतर नाही. भीती वाटली तर वाटेच्या मधोमध चाला, लांबच्या झाडाकडं बघा, फळ्यांच्या फटींतून खाली बघू नका.

वाटेच्या कडेला मधेमधे माहितीच्या पाट्या आणि कसरतीचे छोटे प्रकार आहेत, डुगडुगत्या फळ्या, दोराच्या जाळ्या वगैरे. ते मुख्य वाटेच्या बाजूला असतात. नातवंडं तिथून जातील, खुर्ची सरळ वाटेनं जाईल, पुढं भेट होते. आजी-आजोबांनी "आपल्याला काहीच करता येत नाही" असं म्हणायची वेळ इथं येत नाही, कारण मुख्य गोष्ट, ते जंगल, मुख्य वाटेवरूनच सगळ्यात चांगलं दिसतं.

आता ते बघायचं कसं.

आपलं दाजीपूर-राधानगरीचं जंगल डोळ्यांत भरलेल्या माणसाला इथं पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. 1958 साली राखीव झालेल्या आपल्या अभयारण्यात जांभूळ, अंजनी, हिरडा, वेली, नेचे, एकात एक गुंतलेलं असतं आणि नाव विचाराल तेवढी थोडी. ब्लॅक फॉरेस्टमध्ये जाती मोजक्या. पण त्याचाच नवख्याला फायदा होतो. तासाभरात तीन झाडं ओळखायला शिकलात तर अर्धं जंगल तुमच्या ओळखीचं झालं. स्प्रूस, सिल्व्हर फर आणि बीच. बीच सोपं: गुळगुळीत राखाडी खोड आणि रुंद पानं, जी ऑक्टोबरात तांबूस होतात. खरी मजा स्प्रूस आणि फर यांच्यात आहे, कारण लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

फांदी हाताशी आली की पान उलटं करून बघा. फरचं पान चपटं, टोकाला मऊ, आणि मागच्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा. स्प्रूसचं पान टोकदार, बोटाला टोचतं. मग शेंड्याकडं बघा. स्प्रूसची फळं, ते लाकडी खवल्यांचे शंकू, फांदीवरून खाली लोंबतात आणि पिकल्यावर अख्खे गळतात, म्हणून जमिनीवर त्यांचा खच असतो. फरचे शंकू फांदीवर मेणबत्त्यांसारखे उभे असतात. ते अख्खे खाली पडतच नाहीत. शरदात झाडावरच त्यांचे खवले सुटे होऊन वाऱ्यावर जातात आणि मागं फांदीवर नुसती उभी काडी उरते. शिवाय हे शंकू येतात ते अगदी शेंड्याजवळ. म्हणजे जन्मभर त्या जंगलात पायी हिंडणाऱ्या माणसालाही फरचा अख्खा शंकू सहसा जवळून बघायला मिळत नाही. तो मिळतो या वाटेवरून, आणि खुर्चीत बसलेल्या माणसालाही मिळतो, कारण कठडा आरपार दिसेल असा आहे.

आमच्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची कठड्याला लावायला लावली. एका फरच्या शेंड्यावर हिरवट शंकू रांगेनं उभे होते, त्यांच्या अंगावरून डिंकाचे ओघळ आले होते आणि ते उन्हात चमकत होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पुढच्या प्रत्येक झाडापाशी त्याच आम्हाला सांगायला लागल्या, "हे लोंबतंय, हे ते दुसरं." वाटेचा वेग तिथून पुढं त्यांनी ठरवला. माझं प्रत्येकाला हेच आग्रहाचं सांगणं आहे: खुर्ची कुठं थांबायची आणि कुठं वळायची हे बसलेल्या माणसाला ठरवू द्या. ढकलणाऱ्याच्या सोयीनं गेलात तर मनोरा होतो, जंगल होत नाही.

मधेच काही उभी वाळलेली, तांबूस पडलेली झाडं दिसतील. ती बहुतेक स्प्रूस असतात. सालीखाली राहणाऱ्या एका छोट्या भुंग्यानं पोखरलेली. कोरड्या, गरम उन्हाळ्यात झाडाचा डिंक कमी पडतो, भुंग्याला अडवणारं दुसरं काही झाडाकडं नसतं. स्प्रूसची मुळं उथळ, म्हणून दुष्काळाचा फटका त्याला आधी. फरची मुळं खोल जातात, तो जास्त टिकतो. आपल्या बागायतीतल्या माणसाला हे झटकन कळतं, वडील शेतकरी असतील तर त्यांना मुद्दाम दाखवा, गप्पांना विषय मिळतो. याच डोंगरातली उंच फरची खोडं पूर्वी एन्झ नदीतून तराफे करून खाली सोडत आणि ऱ्हाइनमार्गे थेट हॉलंडपर्यंत जात, जहाजं आणि घरांचे खांब करायला.

मनोरा

मनोऱ्यापाशी पोचलात की आधी थांबा. इथून पुढं सलग चढ आहे, गोल फिरत. ढकलणारा बदला. एकानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं शेजारून चालायचं, गप्पा मारत, कारण गोल फिरताना एकाच बाजूला दरी दिसत राहते आणि काहींना गरगरतं. नजर मनोऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवली की बरं वाटतं. दर फेरीला एकदा खुर्ची आडवी लावून, ब्रेकचा खटका टाकून, दोन मिनिटं थांबा. खुर्ची चढाच्या दिशेनं सरळ ठेवून नुसत्या हातानं धरून उभं राहू नका.

बॅटरीच्या खुर्चीवाल्यांनी निघताना पूर्ण चार्ज करूनच निघावं, चढाला बॅटरी सपाटीपेक्षा कितीतरी जास्त खाते.

माथ्यावर पोचलात की चौफेर जंगल. डोंगरामागं डोंगर, त्यांच्या कडा निळसर होत जातात. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला श्वाबियन आल्ब डोंगररांगेची लांब सपाट रेघ दिसते. वारा असतो, शाल बांधून घ्या. इथं अर्धा तास तरी काढा. एवढं चढून येऊन फोटो काढून पाच मिनिटांत परत फिरणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

माथ्यावरून 55 मीटर लांबीची बंद नळीची घसरगुंडी खाली येते. ती नातवंडांची. तिचे पैसे वेगळे. त्यांना एखाद्या मोठ्या माणसाबरोबर पाठवा आणि खाली कुठं भेटायचं ते आधी ठरवा, कारण खुर्चीला उतरायला त्यांच्याहून बराच जास्त वेळ लागतो.

उतरताना

बहुतेक लेखांत उतरणं एका ओळीत उरकतात. खरं तर काळजी इथंच घ्यायची आहे, कारण सगळे दमलेले असतात आणि मन जेवणाकडं लागलेलं असतं.

कमरेचा पट्टा लावा. पाय पट्ट्यांवर नीट आहेत ना बघा, साडीचा काठ किंवा शालीचं टोक चाकाजवळ लोंबत नाही ना बघा. दोन्ही ब्रेक सारखे, हलके, सतत दाबत उतरा. सोडायचे आणि एकदम आवळायचे असं नको. फळ्या ओल्या असतील तर आणखी सावकाश. ब्रेक नसलेली खुर्चीच हाती आली असेल तर खुर्ची उलटी करून, म्हणजे ढकलणारा खालच्या बाजूला आणि बसलेल्याचं तोंड वरच्या बाजूला, अशी मागं मागं उतरवा, आणि दुसऱ्यानं मागची वाट बघून सांगत राहावं. दमछाक होते, पण खुर्ची हातातून सुटत नाही. काठीवाल्यांचे गुडघे चढताना नाही, उतरताना दुखतात. त्यांना कठड्याच्या बाजूनं चालू द्या आणि मधेमधे बसवा.

सगळं मिळून, रमत गमत, अडीच ते तीन तास धरा. परतीची फनिक्युलर आणि लोकल यांच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी त्या वेळेपर्यंत फोटोंनी खाल्लेली असते.

पोरं दुसरीकडं राहत असतील तर

अशाच धाटणीच्या, 6 टक्के चढाच्या वाटा जर्मनीत इतरत्रही आहेत. बवेरियन फॉरेस्टमध्ये नॉयशोनाउला 2009 मध्ये सुरू झालेली 1300 मीटरची वाट आहे, तिचा अंड्याच्या आकाराचा मनोरा 44 मीटर उंच. म्युनिकवाल्यांना ती सोयीची, पण मुक्काम करून जावी. सार नदीच्या वळणावर 2016 ची वाट आहे, मनोरा 42 मीटर. उत्तरेला बाल्टिक समुद्रातल्या ऱ्युगेन बेटावरही एक आहे. चेक प्रजासत्ताकात लिप्नो तळ्याकाठी 2012 पासून आहे. कुठंही गेलात तरी खुर्ची, ब्रेक, शाल आणि टॉयलेट यांचं गणित तेच. मनोऱ्याचा अगदी वरचा शेवटचा टप्पा खुर्चीनं होतो का, एवढं मात्र त्या त्या ठिकाणी तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

उंचीची भीती किती आहे हे इथंच अजमावायचं असेल तर व्हिसाच्या खेपेत मुंबईत मलबार हिलवरच्या झाडांमधल्या वाटेवर एक चक्कर मारा. ती 485 मीटरची आहे, 2025 मध्ये सुरू झाली, मनोरा नाही. तिकीट ऑनलाइन आधी काढावं लागतं, आणि सकाळी लवकरची वेळ घेतली तर गर्दीही कमी आणि ऊनही.